दोन पात्यांचा जॅझ

देवासात आपल्याला गाण्यातलं कळत नाही असं कबूल करणारा माणूस मिळणं कठीण. मालोजीरावांनी जॅझ धरला तो म्हणूनच. शास्त्रीय गाण्याला मान डोलवायची तर शेजारी आपल्यापेक्षा जाणती माणसं बसलेली असतात, आणि समेच्या आधीच ‘क्या बात’ निघून गेली की पुढच्या रांगेतले वळून बघतात. जॅझमध्ये हा धोका नाही. त्यातून मालोजीरावांचा जॅझ अवाँगार्द, म्हणजे ज्यात सम नसतेच, आणि ताल आहे की नाही यावर वाजवणाऱ्यांचंच एकमत नसतं. तिथे कुठेही दाद दिली तरी ती बरोबरच पडते.

मालोजीरावांनी उभा जन्म विमा कचेरीत काढला. तिथे त्यांना कुणी कधी मत विचारलं नव्हतं. घरात इंदूताई विचारायच्या, पण ते भाजी कोणती करू एवढ्यापुरतं, आणि तेही भाजी चिरून झाल्यावर. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या दिवाणखान्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चपलांचा ढीग पडू लागला. डॉक्टर यायचे, निवृत्त मास्तर यायचे, अमझेऱ्याहून एक वकील बस बदलून यायचे. ही सगळी शहाणीसुरती माणसं सतरंजीवर मांडी घालून मालोजीरावांच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, “आता काय ऐकायचं?” माणसाला याहून जास्त काय हवं असतं? एवढं मिळालं की माणूस सहसा सोडत नाही.

मंडळाचं नाव ‘श्रवणसाधक’. साधकांचं दैवत एकच होतं, एक काळी जर्मन तबकडी. तिच्यावर दोन वादकांची नावं होती. ती मालोजीराव अशा ठसक्यात उच्चारत की चूक असली तरी विचारायची कुणाची छाती नव्हती. तबकडी लावली की एक सॅक्सोफोन दार अडकल्यासारखा किंचाळायचा, अर्धं वाक्य बोलायचा आणि थांबायचा. मग शांतता. चांगली लांब, घाम फुटेल इतकी. नंतर पुन्हा अर्धं वाक्य, पुन्हा शांतता.

“हेच ते,” मालोजीराव डोळे मिटून म्हणायचे. “मौन.”

सगळे डोळे मिटायचे. मौन संपेपर्यंत कचोरीला हात लावायचा नाही असा मंडळाचा दंडक होता. एकदा ऐन मौनात गल्लीतून “आलू ले लो भिया, ताजे आलू!” अशी आरोळी आली. तेव्हा पट्टशिष्य उमाशंकर यांनी डोळे न उघडता सांगितलं, की जगाचा आवाज आत येऊ देणं हेच या रचनेचं मर्म आहे. उमाशंकर हिंदीचे निवृत्त प्राध्यापक. ते काहीही न उघडता सांगू शकत.

त्या तबकडीच्या वेष्टनाला दोन खिसे होते. एकात तबकडी, दुसरा रिकामा. एका नव्या साधकाने भाबडेपणाने विचारलं, की यात दुसरी तबकडी होती का. मालोजीराव करुणेने हसले. “दुसरी तबकडी म्हणजे हा रिकामा खिसा. ती ऐकायला वेगळे कान लागतात.” नव्या साधकाने पुढच्या महिन्यापर्यंत तसे कान आणले.

दुसरी तबकडी धारला होती, आणि हे मालोजीरावांना पक्कं ठाऊक होतं.

त्याची हकिगत अशी. त्यांचे बापूकाका कारखान्यात इंजिनीअर होते, यंत्र शिकायला जर्मनीला गेले आणि येताना तबकड्यांची पेटी घेऊन आले. काका ब्रह्मचारी. ते गेले तेव्हा वारस दोन पुतणे, थोरले हंबीरराव आणि धाकटे मालोजीराव. घराणं दरबारी. देवास म्हणजे एकाच गावात दोन गाद्या, रस्त्याच्या या कडेला थोरली पाती आणि त्या कडेला धाकटी. जिथे राज्याची वाटणी अशी झाली, तिथे नोकरी करणाऱ्या चाकरांच्या घरातली वाटणी तर त्याहून काटेकोर असायची. दोघांची थोरली बहीण अक्का हिने पदर खोचला आणि काकांचं सामान निम्मंनिम्मं केलं. खुर्च्यांची जोडी होती, एकेक दिली. चांदीचं पानदान होतं, डबा हंबीररावांना आणि झाकण मालोजीरावांना. रेकॉर्डप्लेअर दोन निघाले. एकट्या माणसाला दोन प्लेअर कशाला लागत होते असा प्रश्न कुणाला पडला नाही. दोन निघाले म्हणून उलट सगळ्यांना हायसं वाटलं. मग तबकड्या. ‘एक हंबीरची, एक मालूची’ करत अक्का शेवटच्या वेष्टनापाशी आली. त्यात दोन तबकड्या होत्या. तिने एक-एक काढून दिली, आणि वेष्टन धाकट्याला दिलं कारण मागच्या खेपेला जास्तीचा पाट थोरल्याला गेला होता.

एवढा न्याय झाल्यावर भांडण होणारच. हंबीररावांना वाटलं वेष्टन त्यांचं होतं, मालोजीरावांना वाटलं पाट त्यांचा होता. हंबीरराव धारला राहिले, मालोजीराव देवासला, आणि मधल्या इंदूरच्या कुठल्याही लग्नात दोघे एकाच पंगतीला बसले नाहीत. भाऊबीजेला अक्काच्या धारच्या घरी हंबीरराव सकाळी जात आणि मालोजीराव दुपारच्या चहानंतर. अक्का दोनदा ओवाळी, दोनदा बासुंदी काढी.

हंबीररावांनीही धारला ‘नादसभा’ काढली होती. त्यांच्या तबकडीवर क्लॅरिनेट होती. तीही मधेच थांबायची. त्या थांबण्याला हंबीरराव ‘समाधी’ म्हणत. देवासच्या मौनापेक्षा धारची समाधी जास्त खोल आहे, अशी बातमी अक्काच्या फोनवरून देवासला यायची, आणि मालोजीराव नाक मुरडायचे.

या दिवाळीच्या तोंडावर गोष्ट वेगळी झाली. रसिकांच्या एका मोठ्या संस्थेने मालोजीरावांना ‘मौनमर्मज्ञ’ ही पदवी द्यायचं ठरवलं. भाऊबीजेनंतरच्या रविवारी देवासातच सभागृह, शाल, श्रीफळ, आणि स्वतः मालोजीराव ती तबकडी वाजवून मौनाचं विवरण करणार. त्यांचं ‘मौनाच्या जागा’ हे पुस्तकही तेव्हाच निघणार होतं, उमाशंकरांच्या प्रस्तावनेसह. प्रस्तावना पुस्तकापेक्षा थोडीच लहान होती. मालोजीराव आरशासमोर उभं राहून शाल खांद्यावरून घसरल्यावर ती कशी सावरायची याचा सराव करू लागले.

अशात धारहून पुतणीचा, हंबीररावांच्या वैभवीचा मेसेज आला. “काकासाहेब, आबासाहेबांच्या नादसभाचा वीडियो भेजा है. पूरी रेकॉर्ड आहे. प्लीज ऐका हं, उन्हें मत बताना.” पोरीला मराठी वाचता येत नव्हतं, पण आतडं होतं.

मालोजीरावांनी तो ऐकायचं कारण मात्र आतड्याचं नव्हतं. भाषणात धारच्या समाधीला एक चिमटा काढावा असा त्यांचा बेत होता, आणि दादासाहेबांची, म्हणजे हंबीररावांची, तबकडी आपल्यापेक्षा नक्की किती बेंगरूळ आहे हे शेजारी ठेवून ताडावं म्हणून त्यांनी आपली तबकडी लावली, सुई टेकवली आणि त्याच क्षणी व्हिडिओ सुरू केला.

सॅक्सोफोन किंचाळला, अर्धं वाक्य बोलला, थांबला. आणि मौन सुरू व्हायच्या जागी फोनमधून क्लॅरिनेटने ते वाक्य पूर्ण केलं.

मालोजीरावांना वाटलं योगायोग. पण सॅक्सोफोन पुन्हा बोलला, क्लॅरिनेटने त्याची टर उडवली, सॅक्सोफोन चिडला, क्लॅरिनेटने समजूत काढली. जिथे हा गप्प तिथे ती बोलत होती आणि जिथे ती गप्प तिथे हा. दोघे एकदम ओरडले, एकमेकांत अडखळले, आणि मग असे काही हसत सुटले की मालोजीरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी घाईने सुई उचलली, फोन पालथा घातला.

“आज पहिल्यांदा बरं वाजत होतं,” इंदूताई चकलीचा सोऱ्या हातात घेऊन दारात आल्या. “बंद का केलंत हो?”

मौन वगैरे काही नव्हतं. ती दुसऱ्याची बोलायची पाळी होती. इतकी वर्षं शहाणीसुरती माणसं डोळे मिटून, कचोरी थंड करून ऐकत होती ती मालोजीरावांच्या घरातल्या पंख्याची कुरकुर. आणि हे उद्या कुणी दुसऱ्याने ताडून पाहिलं तर? वैभवीने हा व्हिडिओ आणखी चार जणांना पाठवला तर? पदवी गेली, पुस्तक गेलं, चपलांचा ढीग गेला. मग पुन्हा भाजी चिरून झाल्यावर मत विचारलं जाणार. एका गोष्टीचं मात्र त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. एवढ्या भीतीतही ते मघाचं हसणं पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

त्यांनी अक्काला फोन लावला. “दादासाहेबांना सांग, भाऊबीजेला त्यांची ती जर्मन तबकडी आणि प्लेअर घेऊन या म्हणावं. मी सकाळीच येतोय.”

“सकाळी?” अक्का घाबरली. “अरे, सकाळ हंबीरची आहे.”

“म्हणूनच.”

अक्काने निरोप दिला. धाकटा शरण येतोय, तबकडी आपल्या पायाशी ठेवणार, असा त्याचा अर्थ हंबीररावांनी लावला आणि ते कोशा फेटा बांधून आले. मालोजीराव आले तेव्हा त्यांच्या हातात प्लेअर होता आणि काखेत वेष्टन.

“या,” हंबीरराव म्हणाले. “वेष्टन परत करायला आलात वाटतं.”

“दादासाहेब, आधी ऐका. मग काय बोलायचं ते बोला.”

दोन्ही प्लेअर अक्काच्या जेवणाच्या टेबलावर मांडले. सुया एकाच क्षणी टेकायला हव्या होत्या, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या ‘एक दोन तीन’वर सुई टेकवायला तयार नव्हता. शेवटी अक्का म्हणाली, “मी सावधान म्हणते. तेव्हा टेकवा.”

तिने लग्नातल्या भटजींसारखा सूर लावून “सावधाऽऽन” म्हटलं आणि सुया टेकल्या.

हंबीररावांचा चेहरा पहिल्या वाक्याला कडक होता. दुसऱ्याला त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मधे क्लॅरिनेटने सॅक्सोफोनची नक्कल केली तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक “अरे चोरा!” निघालं, आणि मालोजीराव खळखळून हसले. लहानपणी धारच्या मुंज तलावात पोहायला शिकवताना दादासाहेब याच आवाजात ओरडायचे. बाजू संपली. सुया आतल्या कडेला खरखरत राहिल्या आणि कुणाला उठवेना. दोघांचे डोळे भरले होते, आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवायचा यत्न केला नाही.

“बापूकाका असंच लावायचे,” अक्का वाती वळत म्हणाली. “दोन्ही एकदम.”

दोघांनी एकदम आपापली सुई उचलली.

“अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?” मालोजीराव ओरडले.

“मला काय माहीत! त्यांना ऐकू कमी यायचं ना. मला वाटलं, म्हणून दोन लावतात.”

गप्प राहील ते घराणं कसलं. हंबीरराव खाकरून म्हणाले, “एक मात्र दिसलं. सवाल थोरल्या पातीचा आहे, जवाब धाकटीचा.”

“सुरुवात सॅक्सोफोनने होते, दादासाहेब.”

“सुरुवात कुणीही करेल. पोरंही करतात.”

“आणि वेष्टन माझ्याकडे आहे.”

“ते तू पाटाच्या बदल्यात लाटलंस!”

“ओवाळून घ्यायचं की उपाशीच घरी जायचं दोघांनी?” अक्का कडाडली, आणि दोन्ही पात्या गप्प झाल्या.

त्या गप्प बसण्यात दोघांना एकच गोष्ट आठवली. हंबीरराव हळूच म्हणाले, “तुझं पुस्तक छापून झालं?”

“झालं.”

“माझं ‘समाधिस्वर’ छापायला गेलंय. परत घेता येणार नाही.” त्यांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. “मालू, हे बाहेर कळता कामा नये. वैभवीने तुला व्हिडिओ पाठवला ते मला कळलंय, तिला सांगतो तो काढून टाकायला. तू तुझं मौन सांभाळ, मी माझी समाधी.”

मालोजीरावांनी मान हलवली. वाटणीनंतर भावांचं एकमत झालं ते हे पहिलं. ते काय आहे हे अक्काला कळलं नाही, पण दोघांना शेजारी शेजारी पाटांवर बसवून ओवाळायला मिळालं म्हणून ती बिचारी रडली, आणि बासुंदी एकदाच काढली. मालोजीराव देवासला परतताना गाडीत सॅक्सोफोन गुणगुणत होते. धामनोदकडचे कांद्याचे ट्रक इंदूरच्या वेशीवर तुंबले होते, तरी त्यांची तक्रार नव्हती. एकदा आपण क्लॅरिनेटचंही गुणगुणतोय हे लक्षात येऊन त्यांनी ओठ घट्ट मिटले.

रविवारी सभागृह भरलं. शाल घसरली आणि बरोबर सावरली गेली. अध्यक्षांनी मालोजीरावांचा उल्लेख ‘नीरवतेचे शिल्पकार’ असा केला. इंदूताई पहिल्या रांगेत पैठणीत बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे मत विचारण्याजोगा माणूस म्हणून बघत होत्या. मालोजीरावांनी हे बघितलं. मग सुई टेकवली.

सॅक्सोफोन अर्धं वाक्य बोलून थांबला. सगळ्या सभागृहाने डोळे मिटले. मालोजीरावांनीही मिटले, आणि तिथेच घात झाला. मौनाच्या जागी त्यांना दादासाहेब ऐकू आले. अगदी स्पष्ट, मांडीवर फेटा ठेवून बसलेले. त्यांनी दात आवळले. दुसऱ्या जागी घशात काहीतरी हललं आणि नाकातून बारीक सूर निघून गेला. पुढच्या रांगेतल्या एका डोळ्याची फट उघडली. तिसऱ्या जागी क्लॅरिनेट टर उडवते. ती जागा रिकामी जाऊ द्यायची म्हणजे सॅक्सोफोन इतक्या लोकांसमोर एकटाच बोलत राहणार, वेड्यासारखा. मालोजीरावांना ते बघवेना.

“पॅऽ पॅपॅ रूऽ, पॅ!” ते मोठ्याने गायले.

“शूऽऽ!” सभागृहभर उठलं.

उमाशंकर धावत मंचाजवळ आले आणि ओठांवर बोट ठेवून कळवळून म्हणाले, “मालोजीराव, मौन चालू आहे!”

“चालू नाही. नव्हतंच,” मालोजीराव म्हणाले. सॅक्सोफोन पुढे चालला होता, त्यांनी त्याच्यावरून आवाज चढवला. “ही जागा माझी नाही, दादासाहेबांची आहे. ही तबकडी अर्धी आहे. उरलेली धारला वाजते. आपण इतकी वर्षं अर्धंच ऐकलं, मंडळी. पूर्ण फार छान आहे हो! फार हसू येतं!”

सभागृह हसलं नाही. एखाद्याच्या मौनावर माणसाने प्रस्तावना लिहिली असली की त्याला हसू येत नाही.

“मग आम्ही इतकी वर्षं डोळे मिटून काय ऐकलं?” उमाशंकरांचा आवाज चिरकला.

मालोजीरावांना खोटं बोलता आलं असतं. “पंखा,” ते म्हणाले. “आमच्या घरचा.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि आभाराचं भाषण आटोपतं घेतलं. डॉक्टर सरळ निघून गेले. अमझेऱ्याचे वकील मंचाशी येऊन म्हणाले, “मी बस बदलून येत होतो हो,” आणि तेही गेले. पदवीचं मानपत्र टेबलावरून कधी उचललं गेलं ते दिसलं नाही. शाल तेवढी खांद्यावर राहिली. तिच्याकडे हात करायला सगळ्यांना संकोच वाटला असावा. इंदूताईंनी कपाळाला हात लावला होता.

मालोजीराव बाहेर पायऱ्यांवर आले. लोक खाली चपला शोधत होते आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांना लाज वाटत होती आणि रडू येत होतं. त्यांनी फोन काढला आणि वाटणीनंतर पहिल्यांदा थेट भावाचा नंबर लावला.

“दादासाहेब, मला नाही राहवलं. सांगून टाकलं सगळं.”

“गाढवा!” हंबीरराव गरजले. “माझं पुस्तक उद्या येतंय! धारला तोंड कसं दाखवू मी? शब्द दिला होतास ना?”

“दिला होता. चुकलो. पण तुमची जागा आली आणि कुणीच काही बोलेना. मग मीच गायलो.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“माझं गायलास?”

“हो.”

“सगळं?”

“येईल तेवढं. टर उडवते तिथपर्यंत.”

“तिथे चुकला असणारच तू. ती जागा सोपी नाही.” हंबीररावांनी घसा साफ केला. “म्हण बघू.”

मालोजीराव पायऱ्यांवर उभे राहून, शाल सावरत, चपला शोधणाऱ्या साधकांच्या देखत क्लॅरिनेट गायले आणि जिथे ती थांबते तिथे थांबले. तेवढ्यात धारहून सॅक्सोफोन सुरू झाला, खरखरीत, बेसूर, पण एकही जागा न चुकता. दादासाहेबांनी मालोजीरावांचा भाग एकदाच ऐकला होता आणि त्यांना तो पाठ होता.